वाचकांचे प्रश्न : यंदाचा हुरडा, मोजक्या माणसांत (जानेवारी २०२१)

संक्रांत झाली की सातारा-सांगलीकडची माणसं रानाकडं बघायला लागतात. यंदाही पत्रं हुरड्याचीच आली, पण प्रत्येकात हुरड्याच्या जोडीला कोरोनाची काळजी आहे. गेल्या मार्चपासून नीट भेट नाही अशी माणसं बोलवावीत का, बोलावली तर बसवायची कशी, खाण्याचं काय करायचं. लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं, पण पहिली पाळी दवाखान्यांत राबणाऱ्यांची आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत ती यायला वेळ लागेल. तोवर भेटूच नका, असं आम्ही सांगणार नाही. जागा उघडी हवी, घरं दोन किंवा फार तर तीन हवीत आणि मांडामांड आदल्या दिवशी ठरलेली हवी. मग दिवसभर कुणाला कुणावर डोळा ठेवत बसावं लागत नाही, आणि निवांतपणा त्यातच असतो. तुमच्या भागात प्रशासनानं गर्दीबद्दल काही बंधन घातलं असेल तर ते आधी बघा, मग पुढचं वाचा.

आमचं रान खटाव तालुक्यात आहे. २६ जानेवारीला तीन घरची मिळून बारा माणसं येणार आहेत, त्यात चार मुलं. आजवर हुरड्याचं सगळं वडील बघायचे, आता आम्हाला करायचं आहे. कणसं किती, आगटी (कणसं भाजायचा शेणीचा खड्डा) कशी, कणीस काढायचं कधी?
— शेतकरी कुटुंब, पुसेगाव परिसर

मोठ्या माणसाला चार ते पाच कणसं आणि मुलाला दोन असं धरा. चांगल्या भरल्या कणसातून ५० ते ८० ग्रॅम हुरडा निघतो. आठ मोठी आणि चार मुलं म्हणजे चाळीस-पंचेचाळीस कणसं झाली. त्यावर दहा जादा काढा, कारण काही कोवळी निघतात आणि पहिली दोन-चार करपतातच.

कणीस काढण्याआधी दाणा नखानं दाबून बघा. पांढरा चीक उडाला तर चार-पाच दिवस थांबा. तसं कणीस भाजलं की दाणा आक्रसतो आणि चोळताना लगदा होतो. दाबल्यावर आत कोरडं पीठ दिसलं तर ते जून झालं, दाताखाली टणक लागणार. दाबल्यावर मऊ लागेल पण चीक सांडणार नाही, असा हिरवट, टपोरा दाणा हवा. आता यातली मेख. ज्वारीचं कणीस शेंड्याकडून फुलतं, त्यामुळं शेंड्याचे दाणे आधी भरतात आणि बुडाचे मागून. शेंड्याचा दाणा बघून काढलेलं कणीस बुडाला चिकाळ निघतं. परीक्षा नेहमी मधल्या दाण्यावर करा. पेरणीपासून तीन-सव्वातीन महिन्यांनी हा टप्पा येतो, पण गेल्या ऑक्टोबरच्या मध्याला झालेल्या जोराच्या पावसानं बऱ्याच ठिकाणी पेरण्या पुढं गेल्या. शेजारच्या रानावरून अंदाज बांधू नका. आठ दिवस आधी स्वतःच्या सऱ्यांतून फिरा आणि तयार होणाऱ्या ताटांना चिंधी बांधून ठेवा.

वाणाचाही फरक पडतो. गूळभेंडी, सुरती किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले उत्तरा’ हे हुरड्याचे वाण. त्यांचा दाणा गोड असतो आणि बोंडातून सहज सुटतो. मालदांडीचाही हुरडा होतो, मात्र तूस चिवट असल्यानं चोळायला वेळ जास्त लागतो. तुमच्याकडं मालदांडीच असेल तर चोळणारे हात वाढवा.

कणसं त्याच दिवशी सकाळी, हातभर देठ ठेवून काढा. आदल्या दिवशी काढलेल्या कणसातली साखर कमी होत जाते आणि गोडी उतरते. काढल्यावर ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत टाकली तर ती आतल्या आत गरम होतात आणि कुबट वास धरतात. मावा पडून चिकटा आलेली, काळपट झालेली कणसं घेऊ नका. ज्या पट्ट्यात नुकतं औषध मारलंय तिकडं तर हातच लावू नका.

आगटी यंदा एक नको, तीन करा, प्रत्येक घराची वेगळी. प्रत्येक खड्डा दीड फूट रुंद आणि फूटभर खोल पुरतो. मूठभर भुसा वरून सोडून वारा कुठून कुठं जातोय ते बघा आणि तिन्ही आगट्या वाऱ्याला आडव्या, एका ओळीत घ्या. दोन आगट्यांमध्ये दहा-बारा फूट अंतर ठेवा. अशानं एकाचा धूर दुसऱ्याच्या तोंडावर जात नाही, आणि दोन घरांच्या चटयांमध्ये सहा फुटांहून जास्त अंतर आपोआप पडतं. उभ्या पिकापासून, उसापासून आणि कडब्याच्या गंजीपासून किमान पंचवीस फूट लांब रहा. गंज वाऱ्याच्या खालच्या अंगाला असेल तर जागाच बदला. प्रत्येक आगटीजवळ पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवायच्याच.

खड्ड्याच्या तळाला तुरकाट्या किंवा बारीक काटक्या, त्यावर पंधरा-वीस शेणी एकमेकींना टेकवून उभ्या रचा आणि खालून पाचटानं पेटवा. रॉकेल वापरू नका, त्याचा वास कणसात उतरतो आणि शेवटपर्यंत जात नाही. जाळ संपून शेणी लाल व्हायला अर्धा ते पाऊण तास लागतो. इथं घाई नडते. जाळावर धरलेल्या कणसाचं तूस जळतं आणि दाणा आत कच्चा राहतो. निखाऱ्यावर राखेचा पातळ थर आला की दोन-तीन कणसं कडेनं आत खोचा, वर गरम राख ओढा आणि देठ फिरवत दोन-तीन मिनिटं ठेवा. आधी तडतड होते, मग आवाज मंदावतो आणि भाजक्या दाण्याचा गोडसर वास येतो. तेव्हा काढा आणि दगडावर हलकं आपटून राख झाडा. दहाला आगटी पेटवली तर पावणेअकराला पहिलं कणीस हातात येतं आणि साडेबारापर्यंत सगळ्यांचं पोट भरतं.

निघताना नुसती माती लोटू नका. पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता आणि वरून हात धरून ऊब लागते का बघा. शेणीची धग राखेखाली कित्येक तास टिकते आणि दुपारच्या वाऱ्यानं उघडी पडते.

हुरडा चोळून देणारा आमच्याकडं एकच जण असतो, त्याच्या हाताला चव आहे असं सगळे म्हणतात. यंदा हे चालेल का? हातमोजे घालून चोळलं तर?
— वाचक, कवठे महांकाळ

हुरड्याच्या दिवसात सगळ्यात जपायची जागा कुठली असेल तर ती हीच. गरम कणीस चोळायचं, दाणे ओंजळीत घ्यायचे, फुंकर मारून तूस उडवायचं आणि ती ओंजळ पुढच्याच्या ताटलीत रिकामी करायची, ही आपली रीत. हा आजार मुख्यतः नाकातोंडातून उडणाऱ्या थेंबांतून आणि श्वासातून पसरतो. भाजताना दाणा कितीही तापलेला असला तरी फुंकर त्यानंतर पडते, आणि ती सगळ्या घरांच्या खाण्यावर पडते. शिवाय चोळणाऱ्याभोवती हात पसरून गोळा झालेली माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात. ते जास्त वाईट.

म्हणून प्रत्येक घराचा चोळणारा वेगळा ठेवा आणि फुंकर बंद करा. घडी घातलेल्या स्वच्छ गोणपाटावर किंवा जाड सुती कापडावर कणीस चोळा, दाणे सुपात घ्या आणि पाखडा. पाखडताना सूप वाऱ्याला तिरकं धरलं तर दोन-तीन झोकांत तूस निघून जातं. सूप प्रत्येक घरानं आपलं आणावं. शहरातल्या घरी सूप नसतं, त्यांनी पसरट परात आणि पुठ्ठ्याचा पंखा आणला तरी भागतं. चवीच्या हाताचा माणूस तुमच्याच घरचा असेल तर तुमचं नशीब. नसेल तर त्यानं सहा फुटांवरून कसं चोळायचं ते दाखवावं.

हातमोज्यांचा उपयोग नाही. प्लास्टिकचे किंवा रबराचे मोजे गरम कणसाला चिकटतात, वितळू शकतात. साबणानं २० सेकंद धुतलेले कोरडे हात पुरेत. चोळण्यात बिघडतं ते बहुधा वेळेमुळं. आगटीतून काढल्याबरोबर कणीस हातात धरवत नाही, आणि दोन-तीन मिनिटं पडून राहिलं की तूस पुन्हा दाण्याला घट्ट बसतं. अर्ध्या मिनिटानं हातात घ्यावं. चोळणाऱ्याचा वेग बघून भाजत जा, कणसांचा ढीग लावू नका.

सॅनिटायझरबद्दल एक इशारा, आणि तो अगदी मनापासून. त्यात ६० ते ७० टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असतं, ते भपकन पेटतं आणि उन्हात त्याची ज्योत नीट दिसतही नाही. ओले हात घेऊन आगटीशी जाऊ नका आणि बाटली आगटीजवळ ठेवू नका. रानात तोटीचा पाण्याचा कॅन आणि साबण हेच बरं. कॅन आगट्यांपासून लांब, वाटेवर ठेवा, म्हणजे आल्या-गेल्याचा हात आपोआप धुतला जातो. मास्कही पातळ सिंथेटिक कापडाचा नको, ठिणगी पडली तर तो वितळून चिकटतो. सुती तीन पदरी घ्या. झडप असलेला मास्क घालणाऱ्याचा श्वास बाहेर जसाच्या तसा सोडतो, समोरच्याला त्याचा फायदा नाही.

आई ७६ वर्षांची आहे, रक्तदाब आणि थोडा दमा. मार्चपासून घराबाहेर पडली नाही. बहिणीच्या मळ्यावर हुरड्याला न्यावं का? ती रोज विचारते.
— मुलगा, सातारा शहर

दमा सध्या आटोक्यात असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर न्या. एवढे दिवस चार भिंतींत काढलेल्या माणसाला ऊन, वारा आणि लेकीची भेट मिळणं ही साधी गोष्ट नाही. मात्र मळ्यापेक्षा मळ्यापर्यंतचा रस्ता जास्त जोखमीचा असतो. गाडीत फक्त तुमच्या घरची माणसं असावीत. वाटेत कुणाला घेऊ नका, मग तो भाचा असला तरी. काचा बंद करून एसी लावण्यापेक्षा तिरक्या समोरच्या, म्हणजे पुढची एका बाजूची आणि मागची दुसऱ्या बाजूची, अशा दोन काचा चार बोटं खाली घ्या. हवा आरपार जाते. आईंना शाल पांघरून बसवा, गार वाटणार नाही.

मळ्यावर त्यांची खुर्ची आगटीच्या ओळीपासून वीस फुटांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, झाडाच्या सावलीत ठेवा. शेणीचा धूर दम्याला वाईट. नेहमीचा पंप हातपिशवीत नको, खिशात किंवा पदराला असू द्या. धुरानं खोकला आला तर आधी धुरातून बाहेर काढा आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप द्या. आजूबाजूच्यांनी ‘खोकल्या’ म्हणून घाबरून पांगू नये, हे आधीच सांगून ठेवा. ते त्यांना फार लागेल.

साडेदहा ते दोन एवढाच वेळ ठरवा. त्यापेक्षा जास्त थांबलं की थकवा येतो आणि ‘जरा आत पडा’ म्हणून त्यांना वस्तीच्या खोलीत नेलं जातं. मग त्यांच्याशी बोलायला एकेक जण त्याच बंद खोलीत जाऊन बसतो. उघड्यावर पाळलेलं सगळं तिथं वाया जातं. विश्रांती हवीच असेल तर बाज बाहेर झाडाखाली टाका. संडासची सोय आधी विचारा, बायकांच्या बाबतीत हे कुणी विचारत नाही. वस्तीवर एकच असेल तर खिडकी उघडी ठेवा, आधीचा माणूस बाहेर आल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, आत मास्क ठेवा आणि साबण बाहेर पाण्याजवळ ठेवा.

पाया पडणं, गळ्यात पडणं यंदा लांबूनच. रथसप्तमीपर्यंत, म्हणजे यंदा (२०२१) १९ फेब्रुवारीपर्यंत, तिळगूळ देता येतो. तो कागदात बांधलेला द्या.

आदल्या रात्री आणि निघायच्या सकाळी, दोनदा फोन करून प्रत्येक घराला सरळ विचारा: ताप, खोकला, घसादुखी, वास-चव जाणं यातलं काही कुणाला आहे का, आणि गेल्या चौदा दिवसांत घरातलं कुणी पॉझिटिव्ह माणसाजवळ आलं होतं का. हे विचारण्यात अपमान नाही. ‘चाचणी निगेटिव्ह आहे’ या उत्तरावर मात्र विसंबू नका. चाचणी त्या दिवसाचं सांगते. लागण झाल्यावर लक्षणं बहुधा पाच-सहा दिवसांनी दिसतात, कधी चौदा दिवसही लागतात.

चटण्या आणि दुपारचं जेवण मी एकटीनं करून नेलं तर चालेल की प्रत्येकानं आपलं आणायचं? अख्खा मसूर करायचा विचार आहे, दहा-बारा माणसांना किती लागेल? मागे केला तेव्हा त्याची आमटी झाली.
— गृहिणी, मिरज

एका घरानं केलेलं चालतं. शिजलेल्या अन्नातून हा आजार पसरतो असं दिसलेलं नाही. अडचण पातेल्याभोवतीच्या गर्दीची आणि एकाच पळीला लागणाऱ्या दहा हातांची आहे. वाढणारी एक, मास्क लावलेली, पळी तिच्याच हातात. एकेका घरानं येऊन ताटं घ्यावीत आणि आपल्या चटईवर जावं. चटण्या तर घरूनच वेगवेगळ्या डब्यांत भरून न्या, घराला एक डबा. मधोमध ठेवलेला चटणीचा वाडगा यंदा नको. भडंग नेणार असाल तर त्याचेही तसेच पुडे बांधा.

हुरड्याला शेंगदाण्याची चटणी हवीच. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं खरपूस भाजा, पूर्ण गार करा आणि सालं काढा. त्यात दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, एक चमचा जिरं आणि चवीनुसार मीठ घालून उखळात कुटा. तेल सुटून चटणी हाताला ओलसर लागली की झाली. मिक्सरवर करायची तर थांबून थांबून, दोन-दोन सेकंद फिरवा. दाणे कोमट असताना एकदम फिरवले की चटणी न होता गोळा होतो, आणि असले गोळे पुन्हा सुटत नाहीत. दह्याचं दुसरं दुखणं असतं, जानेवारीत ते लागतच नाही. दूध कोमटापेक्षा जरा गरम असताना अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण लावा आणि भांडं चादरीत गुंडाळून रात्रभर पिठाच्या डब्यात ठेवा.

आता मसूर. नुसतं जेवण असतं तर बारा माणसांना ७०० ग्रॅम लागला असता. हुरड्यानंतर अर्धा किलो पुरतो आणि भाकरी अठरा-वीस. तुमची आमटी झाली ती बहुतेक कुकरमुळं. इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यांवर मिळतो तसा दाणा अख्खा हवा असेल तर मसूर दोन तास भिजवा आणि उघड्या पातेल्यात शिजवा. पाणी दाण्याच्या वर दोन बोटं, आच मध्यम. वीस मिनिटांनी एक दाणा बोटांनी दाबा. दबला पाहिजे, पण साल फुटता कामा नये. लगेच चाळणीवर ओता, निथळलेलं पाणी फेकू नका, बाजूला ठेवा. दुसऱ्या पातेल्यात वाटीभर तेलात सहा बारीक चिरलेले कांदे तांबूस होईस्तोवर परता. मग तीन मोठे चमचे आलं-लसूण वाटण, चार चमचे कांदा-लसूण मसाला, तीन टोमॅटो आणि मीठ घाला. तेल सुटल्यावरच मसूर घाला आणि बाजूला ठेवलेलं पाणी बेताबेतानं ओता. टोमॅटो आधीच मसुरात पडला तर आंबटपणानं दाणा शिजत नाही, मग तो शिजवायच्या नादात बाकीचे फुटतात. सगळं एकत्र झाल्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त उकळू नका, न्यायचा असेल तर तीनच मिनिटं. तो डब्यातही शिजत राहतो.

हुरड्यावर लगेच गार पाणी पिऊ नका असं जुनी माणसं सांगतात. त्याऐवजी ओवा-सैंधव घातलेलं ताक न्या. मधुमेह असणाऱ्यांनी हुरडा आणि गूळ मिळून हिशेब धरावा. दोन-तीन कणसांवर थांबून नेहमीची भाकरी कमी करावी.

आमचं रान नाही. विश्रामबागेत फ्लॅटमध्ये राहतो. गच्चीवर हुरडा होईल का, की कृषी पर्यटन केंद्रावर जावं?
— वाचक, सांगली

गच्चीवर होतो. एक मोठं लोखंडी घमेलं घ्या, त्याखाली चार विटा आणि विटांखाली दोन इंच वाळू पसरा, नाहीतर धगीनं स्लॅबवरच्या वॉटरप्रूफिंगला तडे जातात. शेणीचा धूर वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत शिरतो, म्हणून दोन-अडीच किलो लाकडी कोळसा वापरा आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. नुसते सुटे दाणे मिळाले तर तव्यावर मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं परतून घ्या, धुराची चव येणार नाही पण गोडी येईल. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. थंडी वाजते म्हणून ती निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं घरात आणू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत माणूस झोपेतच जातो.

केंद्रावर जाणार असाल तर फोनवर विचारा: त्या दिवशी किती गट आहेत, प्रत्येक गटाला वेगळी आगटी आहे का, हुरडा कोण चोळतं आणि जेवायची जागा उघडी आहे की शेडमध्ये. उत्तरं गुळमुळीत आली तर गच्ची बरी.

तासगावजवळ भावाची द्राक्षबाग आणि शेततळं आहे. मुलं मोकळी सोडायची म्हणजे काय काळजी घ्यावी?
— आई, मिरज

यात कोरोनापेक्षा शेततळ्याची भीती आम्हाला जास्त वाटते. तळ्याच्या उतारावरचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं आणि पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही. बुडणाऱ्याला काढायला उतरलेला दुसराही आत राहतो. कुंपण नसेल तर मुलं तिकडं फिरकूच नयेत असं एक मोठं माणूस नेमून द्या, ‘सगळे बघतील’ म्हणजे कुणीच बघत नाही. भावाला सांगून दोन बाजूंना जाड दोर सोडून घ्या, दर दीड फुटाला गाठ मारलेले आणि वर पक्क्या खुंट्याला बांधलेले. जवळ हवा भरलेली ट्यूब ठेवा. कुणी घसरलंच तर पाण्यात उडी मारू नका, दोर किंवा लुगडं फेका.

बागेतली द्राक्षं मुलांनी वेलीवरून तोडून तोंडात टाकू नयेत. शेवटची फवारणी कधी झाली आणि त्या औषधाचे काढणीपूर्वीचे किती दिवस उरलेत ते भावाला ठाऊक असतं. त्यानं दाखवलेल्या ओळीतलीच तोडा. आंतरप्रवाही औषध धुऊन जात नाही. कराड, पाटण, शिराळ्याच्या बाजूला रान असणाऱ्यांनी उसाच्या फडाजवळ मुलांना एकटं सोडू नये आणि दिवस मावळायच्या आत निघावं. तोडणीच्या दिवसांत बिबट्याची पिल्लं फडात सापडतात.

खेळ म्हणाल तर विटीदांडू, लगोरी, आबाधुबी हे सगळं चालतं. पळताना मुलांच्या तोंडाला मास्क बांधू नका, दम लागतो. पाच वर्षांच्या आतल्यांना तर तो एरवीही नको. अंताक्षरीला बसायचं असेल तर वर्तुळ मोठं करा, कारण मोठ्यानं गाताना तोंडातून थेंब जास्त उडतात. पत्त्यांचा डाव घरोघरचा वेगळा.

सगळं सांभाळून केलं आणि दोन दिवसांनी एकाला ताप आला तर?
— वाचक, वाई

त्यानं त्याच दिवशी प्रत्येक घराला फोन करावा. लपवलं तर चार दिवस फुकट जातात आणि तेच चार दिवस महत्त्वाचे असतात. लक्षणं दिसण्याआधी दोन दिवसांपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. म्हणजे २६ तारखेला भेटून २८ला ताप आला आणि तो पॉझिटिव्ह निघाला, तर जवळ बसलेले सगळे संपर्कातले. त्यांनी जानेवारी २०२१च्या नियमाप्रमाणे ९ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे चौदा दिवस, घरातही वेगळं रहावं. लक्षणं नसतील तर चाचणी पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, ३१ जानेवारी ते ५ फेब्रुवारी या काळात करावी. दुसऱ्याच दिवशी धावत जाऊन केलेली चाचणी निगेटिव्ह येते आणि खोटा धीर देते. लक्षणं असतील तर लगेच करा. अँटीजेन निगेटिव्ह आली तरी आरटीपीसीआर करून घ्या.

घरात ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) असेल तर पाच मिनिटं शांत बसून, बोट चोळून गरम करून मोजा. नेलपॉलिश, गडद मेंदी आणि गार बोटं यांमुळं आकडा चुकतो. बसून ९४ किंवा त्याखाली आला, किंवा घरातल्या घरात सहा मिनिटं चालल्यावर (साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं) तीन अंकांहून जास्त उतरला, तर डॉक्टरांना गाठा. रात्र आहे म्हणून थांबू नका. धाप लागत असेल तर १०८ला फोन करा.

आणि ज्याला ताप आला त्याच्यावर कुणी बोट ठेवू नये. पुढच्या वेळी फोन करायचं धाडस त्यावरच ठरतं.

उरलेल्या कणसांचं काय करावं?
— वाचक, आटपाडी

कच्ची ठेवू नका, दुसऱ्या दिवशी ती पिठूळ होतात. आगटी गरम आहे तोवर सगळी भाजून, चोळून, पाखडून घ्या. दाणे कापडावर पसरून पूर्ण गार करा. गरम भरले तर पिशवीत पाणी सुटतं आणि गोळा होतो. छोट्या पिशव्यांत, एका वेळेला लागेल तेवढेच भरून फ्रीजरमध्ये ठेवले तर दोन-तीन महिने टिकतात. काढल्यावर आधी वितळवायचे नाहीत, तसेच तापल्या तव्यावर टाकायचे. थालीपिठासाठी दोन वाट्या हुरडा जाडसर वाटा. त्यात अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि मीठ घाला. पाणी घालू नका, वाटलेल्या हुरड्याचा ओलावाच पुरतो. जून निघालेली कणसं मात्र वाळवून गुरांच्या भरड्यात घाला. ज्वारी कापल्यावर बुडख्याला येणारे कोवळे फुटवे जनावरांना खाऊ देऊ नका, त्यानं किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते.